सही राहिलेली सात गाणी

प्रिय धाकट्या,

फोनवर भोंग्याचं नाव निघालं की तू फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. माझं अक्षर लावायलाच तुला अर्धा तास जाईल, आणि एवढी मेहनत करून कुणी फाडत नाही. चौथीत शाळा सुटलेल्या बाईने लिहिलंय, चुका मोजत बसू नकोस. मोजल्यास तर मला कळवू नकोस.

आधी कामाचं. कंपनीचा कागद तू दोनदा सही न करता परत पाठवलास. तिसरा सोबत आहे. तुमच्या ‘दाभण’ बँडची निवडक गाणी एका संचात काढतायत. एकूण चौदा. पहिली सात तुझ्या चालींची, तुझ्या नावावरची. तुझी सही नसेल तर ती सात गाळणार आणि उरलेल्या सातांचाच संच काढणार. वीस तारीख शेवटची. खाली पेन्सिलीने दोन फुल्या मारल्यात, सही तिथे करायची. झालं, कामाचं संपलं. आता बाकीचं निवांत बसून वाच. कामावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वाचू नकोस, तुझं लक्ष कुठे असतं ते मला माहीत आहे.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे ते हल्ली स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकतात. काल मला म्हणाले, टाका जरा सैल पडलाय. मी म्हटलं, सव्वीस वर्षं झाली, आता दिसलं होय? तुझ्या भाचीला दाताच्या डॉक्टरकडे नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात तिथली फाटकी खुर्ची उचलून माझ्याकडे घेऊन आली. डॉक्टर चार दिवस पेशंटना स्टुलावर बसवून दात काढत होता. खुर्ची अशी करून दिली की तो म्हणाला, आता लोक दात दुखत नसले तरी येतील. कारखाना आहे तसाच आहे. पुढच्या खोलीत मशीन आणि कापायचं टेबल, मागच्या खोलीत फोम, कापूस, रेक्झिनचे गठ्ठे. भिंतीवर तू खिळ्याने कोरलेलं गिटार अजून आहे. गिटार कसलं, मोठी पळी दिसते.

सोमवारी दुपारी मी एका सोफ्याची बटणं ओढत होते आणि दारात तुमचा गाणारा भोंगा उभा. आधी ओळखलाच नाही. कमरेपर्यंतचे ते केस, ज्यांच्यावरून भावोजी त्याला ‘वहिनी’ म्हणायचे, सगळे गेले. समोरून विमानतळ झालाय. गळ्यात दोरीला चष्मा. पण तोंड उघडलं मात्र, ‘ताई!’ म्हणून असा ओरडला की शेजारच्या चष्मेवाल्याने डोकं बाहेर काढलं. आवाजाला काही झालेलं नाही. चहा घेतला, बिस्किटांचा पुडा संपवला, मग पिशवीतून सीडी काढली. म्हणाला, संच लावलाय, तुम्ही ऐका आणि काय खुपतंय ते सांगा. मी म्हटलं, मला गाण्यातलं काय कळतंय? म्हणाला, ज्यांना कळतं त्यांच्याकडे जाऊन आलो ताई, म्हणून तर तुमच्याकडे आलो.

त्याच्याबरोबर एक बारीक गृहस्थ होता. संचासोबत छोटं पुस्तक देणार आहेत, ते हा लिहितोय. संगीताचा अभ्यासक. टेबलावर बसायला सांगितलं तर आधी रुमाल अंथरला. तुमचा आवाज कसा कसा बदलत गेला ते तो मला समजावून सांगायला लागला. मला! पहिल्या रेकॉर्डमधला तो दाबलेला, छातीवर बसणारा आवाज म्हणजे म्हणे एका पिढीचा कोंडमारा. मी म्हटलं, अहो कोंडमारा कसला, फोम होता. नव्या थेटराच्या सहाशे खुर्च्यांचं काम होतं माझ्याकडे. मागच्या खोलीत छतापर्यंत फोम रचलेला, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत ही चार पोरं एकमेकांच्या पायावर पाय देऊन वाजवत होती. रेकॉर्डिंगवाला तर दाराबाहेर बसला होता, आत जागाच नव्हती. मग तो म्हणाला, दुसऱ्या रेकॉर्डमध्ये आवाज मोकळा होतो, घुमतो, तो एकाकीपणा. मी म्हटलं, तेव्हा खुर्च्या पोचत्या झाल्या होत्या, खोली रिकामी पडली होती. त्याने दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. मग माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही खोडल्या. भोंगा हसून हसून बटणांच्या डब्यावर पडला. पाचशे बटणं जमिनीवर. पुढचा पाऊण तास अभ्यासक बटणं वेचत होता. चांगला आहे बिचारा, मोजून डब्यात टाकली.

खरं सांगायचं तर तुमची गाणी मला कधीच आवडली नाहीत. तुला तेव्हाही सांगितलं होतं. दाभणाने पोतं शिवताना जो आवाज होतो तो हजारपट केला की तुमचं गाणं, असं मी म्हटलं आणि तुम्ही बँडला नावच ते ठेवलंत. पण तुम्ही मागे वाजवत असलात की माझा हात भराभर चालायचा, हे खरं. तुमच्या ठोक्याला टाका पडायचा. थेटराच्या खुर्च्या दोन आठवडे आधी झाल्या त्या तुमच्यामुळे. तुम्ही थांबलात की मी भिंतीवर कात्री आपटायचे आणि तुम्हाला वाटायचं, ताईला त्रास होतोय. त्रास कसला, पुढचं चालू करा म्हणून आपटायचे.

आणि तुझं ते खोकं. गिटारची तार ज्यात खुपसायचास ती काळी पेटी. शाळेच्या हॉलमधला पहिला कार्यक्रम आठवतो? जिन्यावरून उतरताना तुझ्या हातातून सुटली आणि अकरा पायऱ्या गडगडत खाली. तू रडवेला झाला होतास. घरी आणून वाजवलीस तर ती गुरगुरायला लागली. साखळीला बांधलेल्या कुत्र्यासारखी. तुला वाटलं, तुझा हात बसला. आठ दिवस बोटं सगळ्यांना दाखवत फिरत होतास, ताई, बघ, यात आलंय ते! मी म्हटलं, यात नखं कापायला आलीत. पण लोक वेडे झाले त्या गुरगुरीसाठी. अभ्यासकाच्या वहीत तिच्यावर दीड पान आहे.

तर सोमवारी ऐकलं. सगळी चौदा, एकापाठोपाठ. मी ती कधी अशी ओळीने ऐकलीच नव्हती. पहिली सात म्हणजे कच्च्या गोणपाटावरून हात फिरवावा. खरखर, धागे बोटाला अडकतात, कुठे कुसळ टोचतं. सातवं संपलं. आठवं सुरू झालं आणि हात एकदम रेक्झिनवर आला. गुळगुळीत. कुठे अडकणं नाही. गिटार तुझंच, हात तुझाच, पण कुत्रं शेपूट हलवतंय. अभ्यासक म्हणाला, इथे बँड प्रौढ होतो. याच गाण्याने ते घराघरांत पोचले. भोंगा जमिनीकडे बघत होता. मी कात्रीकडे बघत होते. बटणं वेचणारा मात्र खुशीत मान हलवत होता.

आता जे लिहिते ते तू एका दमात वाच, मीही एका दमात लिहिते. तिसऱ्या रेकॉर्डच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तुम्ही पहिल्यांदाच खऱ्या स्टुडिओत जाणार होतात. संध्याकाळी तुम्ही चौघं शर्ट घ्यायला गेलात आणि खोकं माझ्याकडे होतं. पुढचं जाळीचं कापड चिंध्या झालेलं. मला वाटलं, पोरगं एवढ्या मोठ्या जागी जातंय, खोकं असं भिकाऱ्यासारखं कशाला? कापड बदलून देऊ. जुनं उचकटलं तर आत तो काळा कागद असतो ना, गोल, परातीसारखा, तो तीन ठिकाणी फाटलेला. एक चीर तर वीतभर. तुला माझी खोड माहीत आहे. फाटलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. लोकांच्या घरी पाहुणी गेले तरी उशीची उसवलेली शिवण माझ्याच्याने बघवत नाही. आई गेली तेव्हाही मी आधी तिच्या चादरीचा कोपरा शिवला होता, मग रडले. मी विचारसुद्धा केला नाही. पातळ मलमलीच्या पट्ट्या कापल्या, रेक्झिनचं सोल्युशन लावलं, आतून बाहेरून चिकटवलं, वरून आणखी एक हात फिरवला. काम असं झालं की चीर कुठे होती ते बोटालाही लागू नये. मग नवं कापड ताणून बसवलं. तू आल्यावर कापड पाहिलंस, मला उचलून गरगर फिरवलंस आणि माझी चप्पल मशीनखाली गेली. आतल्या कागदाचं मी बोलले नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? दुरुस्तीच तर केली होती.

तिसऱ्या दिवशी तुमचा ड्रमवाला धावत आला, की स्टुडिओत मारामारी झाली. भोंगा बरेच महिने म्हणत होता, जरा आवाज निवळू द्या, शब्द ऐकू येऊ द्या. रेकॉर्डिंगवालाही त्यानेच ठरवलेला. आणि तुझं गिटार काही केल्या गुरगुरेना. तू बटणं फिरवलीस, तारा बदलल्यास, आणि मग ठरवलंस की भोंग्याने त्या माणसाला हाताशी धरून तुझा आवाज मारला. साप साप म्हणून भुई धोपटलीस. त्याच्या तोंडावर मारलंस, गिटारचा पट्टा फेकलास आणि परस्पर बसस्टँड गाठलंस. आठव्या गाण्यापासून पुढचं तुझं जेवढं वाजवून झालं होतं तेवढं वापरलं, बाकी दुसऱ्याकडून भरून घेतलं. संध्याकाळी रेकॉर्डिंगवाला खोकं पोचवायला आला. म्हणाला, बाई, आतला स्पीकर नवा टाकला काय? एकदम स्वच्छ वाजतो. म्हणजे ती गुरगुर त्या चिरांची होती, आणि त्या मीच बुजवल्या होत्या.

म्हणजे त्याच दिवशी मला कळलं होतं, धाकट्या. अकरा वर्षं झाली. आधी म्हटलं, तापलेला आहे, थंड झाला की सांगू. मग तू तिकडे लिफ्टच्या कामाला लागलास, म्हटलं, बस्तान बसू दे. मग लग्न केलंस, म्हटलं, आता कशाला मिठाचा खडा. प्रत्येक वेळी कारण मिळालं, आणि मी काही कारणं शोधण्यात हुशार नाही, तर विचार कर ती किती शोधावी लागली असतील. खरं कारण एकच. तू मला उलटून कधी बोलला नाहीस. मी तुझ्या वह्या चुलीत घातल्या तेव्हाही नाही, केस कापायला ओढत नेलं तेव्हाही नाही. सगळ्या जगाशी भांडायचास आणि माझ्यासमोर येऊन गप्प जेवायचास. माझी तेवढी एकच चैन होती. ती जाईल म्हणून तोंडाला कुलूप लावलं.

सोमवारी अभ्यासक फोन करायला बाहेर गेला तेव्हा मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, भोंग्या, तुला एक सांगायचंय, बस खाली. तो म्हणाला, स्पीकरचं ना? माहितीये मला. मी विचारलं, कुठून? त्या संध्याकाळी तो मफलर विसरला म्हणून दुकानातून परत आला होता. दारातून त्याने पाहिलं, माझी पाठ त्याच्याकडे, खोकं उघडं, हातात सोल्युशनचा ब्रश, आणि मी काहीतरी गुणगुणत होते. तुमचंच गाणं, म्हणे. त्याला गंमत वाटली, आवाज न करता मफलर उचलून गेला. स्टुडिओत तू ओरडायला लागलास तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. आणि तो गप्प बसला. तुझा हात पडला तरी गप्प बसला. मी म्हटलं, गाढवा, तोंड गहाण ठेवलं होतंस का? इतर वेळी तर बंद होत नाही! तर काय म्हणाला ऐक. म्हणाला, ताई, त्या दिवशी त्याला कुणावर तरी राग काढायचाच होता. त्याला घर म्हणून तुम्हीच होतात. मी काय, मला आणखी गिटारवाले मिळाले असते. मग चष्मा पुसत म्हणाला, तसा मिळाला नाही म्हणा कुणी.

मी त्याला पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा चहा केला. तो मला वचन मागत होता की धाकट्याला यातलं काही कळवायचं नाही. सात गाणी गेली तर गेली, म्हणाला. मी म्हटलं, मी गिऱ्हाइकांना माप देते, वचन देत नाही. अकरा वर्षं तुम्ही दोघं मूर्ख म्हणून जगलात, मी तिसरी. तिघांत एकाने तरी आता शहाणं व्हावं, आणि वयाने मी मोठी आहे. तो जाताना दारात थांबला आणि विचारलं, तो कसाय? दोनच शब्द. मी म्हटलं, पोट सुटलंय. तेवढ्यावर एवढा खूश झाला की चष्मेवाल्याने पुन्हा डोकं बाहेर काढलं.

तू म्हणशील, मग सहीसाठीच हे सगळं सांगितलंस. नाही. सही नाही केलीस तर काय होईल ते मी मनाशी घोळवून पाहिलं. संच आठव्या गाण्यापासून सुरू होईल. म्हणजे लोक माझ्या सोल्युशनचाच आवाज ऐकतील आणि म्हणतील, वा, हा तो बँड. मला ते जरा लाजिरवाणं वाटेल, पण लाज वाटून कुणी मरत नाही, मी अकरा वर्षं बघतेय. सही करायची की नाही ते तू ठरव, गाणी तुझी आहेत. हे पत्र एवढ्याचसाठी की दोन्ही वेळा तू कागद परत पाठवलास तो भोंग्यावरचा सूड म्हणून, आणि तो सूड चुकीच्या पत्त्यावर जात होता. आता पत्ता बरोबर लिहून दिलाय. वीस तारखेच्या आत नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण कागद कंपनीला पाठवू नकोस. इथे ये, माझ्यासमोर उभा राहा आणि काय ते मला बोल. मी मध्ये बोलणार नाही. आणि तुझं बोलून झालं की भोंग्याला फोन लावून देईन, तो तुला ठेवता येणार नाही, कारण रिसीव्हर माझ्या हातात असेल.

तुझीच, बोलणी खायला तयार बसलेली,
ताई